कायली मिनोग ऐकायची आहे? सुरुवात कुठून करायची ते सांगते

गेल्या दिवाळीत भाचीने फोनवर एक गाणं लावलं आणि म्हणाली, "मावशी, ही नवीन कोण गं? भारी गाते." गाणं होतं 'पदम पदम' आणि गाणारी होती कायली मिनोग. तुझी आई शाळेत होती तेव्हापासून ही गाते आहे, असं सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. मग तिने कायलीचं पान उघडलं आणि पुरती गोंधळली. डझनाहून जास्त अल्बम, त्यांच्या निरनिराळ्या आवृत्त्या, एकाच गाण्याची पाच-सहा रूपं, आणि एकाच नावाचे दोन अल्बम. कुठून शिरायचं तेच कळेना. मी तिला वहीच्या पाठकोऱ्या कागदावर क्रम लिहून दिला. तोच इथे जरा ऐसपैस लिहिते आहे, कारण तिच्यासारखे बरेच जण दाराशी येऊन परत जातात.

ओळख थोडक्यात करून देते. कायली मेलबर्नची, जन्म २८ मे १९६८. 'नेबर्स' या ऑस्ट्रेलियन मालिकेत ती शार्लीन नावाच्या मोटर मेकॅनिक मुलीचं काम करायची. ती मालिका इंग्लंडमध्येही घरोघर बघितली जायची, त्यामुळे गाणं येण्याआधीच चेहरा लोकांच्या ओळखीचा होता. पहिली तबकडी निघाली १९८७ मध्ये, आणि ती अजून गाते आहे.

पायरी १ : आधी कान जुळवून घ्या

२००२ च्या सुमारास आमच्याकडे टीव्हीवर तिचं गाणं लागलं की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "हिला आवाज कुठाय?" आईचा प्रश्न रास्त होता. नाट्यपदं आणि भावगीतं ऐकून तयार झालेला कान गायिकेत काय शोधतो? आवाजाचा पल्ला, फिरत, दमसास, आणि एखादी अशी जागा की ऐकणाऱ्याने 'वा' म्हणावं. कायलीचा आवाज बारीक, हलका, थोडा श्वासमिश्रित आहे. ताना शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही आणि दोन गाण्यांत तुम्ही ॲप बंद कराल.

डान्स-पॉपचं, म्हणजे नाचण्यासाठी बांधलेल्या पॉप गाण्यांचं, काम निराळं चालतं. आपल्याकडे ठेका गायकाला साथ करतो. इथे आवाज हाच ठेक्याचा एक भाग असतो, ढोलकीच्या शाईसारखा. म्हणून ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, शब्द ठोक्यावर पडतो, ठोक्याच्या किंचित आधी येतो, की रेंगाळून मागून येतो. दोन, एका वेळी किती कायली गात आहेत. रेकॉर्डिंगमध्ये तीच ओळ दोनदा, चारदा गाऊन एकावर एक ठेवतात, त्यामुळे बारीक आवाजालाही अंग येतं. तीन, गाण्यात मोकळी जागा कुठे सोडली आहे. नाचणाऱ्याचं शरीर त्या मोकळ्या जागेत हलतं, म्हणून चांगला निर्माता, म्हणजे रेकॉर्डिंग घडवणारा माणूस, ती जपून ठेवतो.

एवढं मनाशी धरलंत की पुढचा रस्ता सोपा आहे. हेडफोन मात्र घ्या. फोनच्या स्पीकरवर या गाण्यांचा खालचा निम्मा भाग ऐकूच येत नाही, आणि खरी गंमत तिथेच असते.

पायरी २ : एकच गाणं, तीन वेळा

सुरुवात पहिल्या अल्बमपासून करू नका. सुरुवात करा २००१ च्या 'कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड'पासून. जेमतेम चार मिनिटांचं गाणं आहे. ते लागोपाठ तीनदा ऐका, पण दर वेळी निराळं काम घेऊन.

पहिल्यांदा घड्याळ समोर ठेवा आणि ठोक्याबरोबर बोटाने टेबलावर टिचक्या मारा. पंधरा सेकंदांत एकतीस-बत्तीस टिचक्या होतील. चारने गुणा, म्हणजे मिनिटाला सव्वाशेच्या आसपास. डान्स-पॉपची ही नेहमीची चाल. आता ठोक्याचं वजन बघा. आपल्या केरव्यात एक मात्रा भरीव, एक पोकळ, एक उचललेली असते. इथे चारही मात्रांवर सारख्याच वजनाचा ठोका पडतो, टाळी-खाली काही नाही. पहिल्यांदा ते कोरडं वाटतं. पण हा कोरडा पाया आहे म्हणूनच वरच्या आवाजाला आधी-नंतर खेळता येतं.

दुसऱ्यांदा फक्त कायलीकडे लक्ष द्या. गाणं कडव्याने सुरू होत नाही. मुखड्याआधीच 'ला-ला-ला' येतं, मग मुखडा, आणि कडवं कुठे संपलं, ध्रुवपद कुठे सुरू झालं हे नीट सांगता येत नाही. पॉप गाण्याची नेहमीची बांधणी इथे मोडलेली आहे. तिचा आवाज बघा कसा लावलाय: सपाट, थंड, ओठ जेमतेम उघडून म्हटल्यासारखा. शब्द छोटे छोटे तोडलेले. विषय आहे डोक्यातून न जाणाऱ्या माणसाचा, आणि गाणंही त्याच विचारासारखं गोल गोल फिरत राहतं. इथे एखादी मोठ्या आवाजाची गायिका तळमळून गायली असती तर गाण्यातली भूल निघून गेली असती. माझ्या मते कायलीचं खरं कसब हेच आहे. किती कमी द्यायचं ते तिला कळतं.

तिसऱ्यांदा आवाज सोडून द्या आणि खालची बास, म्हणजे खर्जातली सुरावट, ऐका. ती श्वास न घेता धडधडत राहते.

हे गाणं लिहिलं कॅथी डेनिस आणि रॉब डेव्हिस यांनी. कॅथी स्वतः आधी डान्स-पॉप गायची. रॉब सत्तरच्या दशकात 'मड' या बँडमध्ये गिटार वाजवायचा. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, रॉबच्या घरच्या स्टुडिओत, संगणकावर एक ठेका लावून दोघं बसले आणि काही तासांत गाणं उभं राहिलं. कायलीच्या हाती येण्याआधी ते दुसरीकडे दाखवून झालं होतं आणि नाकारलं गेलं होतं. तिने मात्र ऐकताक्षणी ते घेतलं. ब्रिटनमध्ये ते चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. अमेरिकेने तिला बरीच वर्षं दाद दिली नव्हती, तिथेही ते सातव्या क्रमांकापर्यंत चढलं.

पायरी ३ : आता मागे, १९८७ च्या लंडनला

एक गाणं मुरलं की मूळ गावी जायचं. मेलबर्नला 'नेबर्स'च्या कलाकारांबरोबर एका मदतनिधीच्या कार्यक्रमात कायली 'द लोको-मोशन' हे १९६२ चं जुनं गाणं गायली. तेच रेकॉर्ड झालं, १९८७ मध्ये निघालं आणि ऑस्ट्रेलियात सात आठवडे अव्वल राहिलं. मग तिला लंडनला धाडलं, स्टॉक, एटकेन आणि वॉटरमन या तिघांकडे. रिक ॲस्टलीचं 'नेव्हर गोना गिव्ह यू अप' ज्यांच्या कारखान्यातून निघालं तेच हे तिघं. कारखाना म्हणते ते उगाच नाही, लोकही त्या स्टुडिओला 'हिट फॅक्टरी'च म्हणायचे. गाणी लिहायची त्यांनी, वाजवायची यंत्रांनी, गायकाने यायचं, शिकायचं, गायचं आणि जायचं.

कायली पोचली तेव्हा ती येणार आहे हेच ते विसरून गेले होते. तिला परतीचं विमान गाठायचं होतं. ती बाहेर बसली आणि आत चाळीसेक मिनिटांत गाणं लिहून झालं. तिथल्या तिथे चाल शिकून ती गायली आणि निघून गेली. ते 'आय शुड बी सो लकी'. १९८८ च्या सुरुवातीला ते ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिलं होतं. त्याच वर्षीच्या जुलैत 'कायली' हा पहिला अल्बम आला आणि तोही पहिल्या क्रमांकावर गेला.

इथे काय ऐकायचं? आवाज उंच पट्टीत, चकचकीत, एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीचा. अक्षरं उड्या मारतात. २००१ च्या गाण्यानंतर लगेच हे लावलंत तर वाटेल की गायिकाच दुसरी आहे. शिकण्यासारखं आहे ते या फरकात. माणूस तोच, गळाही तोच, पण तो कुठे ठेवायचा हे तेव्हा दुसरेच ठरवत होते.

या काळातले पूर्ण अल्बम ऐकायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. 'लकी', 'हँड ऑन युअर हार्ट', आणि 'नेबर्स'मधल्याच जेसन डोनोव्हनबरोबरचं 'एस्पेशली फॉर यू' एवढं बस. नावांची एक खूणगाठ मात्र बांधून ठेवा. ऑस्ट्रेलियातलं १९८७ चं 'लोको-मोशन' वेगळं आणि १९८८ मध्ये लंडनला पुन्हा रेकॉर्ड केलेलं वेगळं. बहुतेक ठिकाणी दुसरंच मिळतं.

पायरी ४ : रिमिक्स म्हणजे काय, हे इथे शिका

१९९० चा 'रिदम ऑफ लव्ह' हा अल्बम मात्र पूर्ण ऐका. निर्माते बहुतेक तेच, पण 'बेटर द डेव्हिल यू नो'च्या पहिल्या ओळीतच मुलगी मोठी झाल्याचं कळतं. या अल्बमवर तिने पहिल्यांदा गाणी लिहिण्यातही हात घातला. काही गाण्यांसाठी ती लंडनचा कारखाना सोडून अमेरिकेतल्या लोकांबरोबर बसली.

याच अल्बममध्ये 'शॉक्ड' आहे, आणि नवख्या माणसासाठी यासारखा धडा नाही. आधी अल्बममधलं रूप ऐका. मग १९९१ मध्ये सुटं निघालेलं, 'डीएनए' या जोडीने केलेलं रूप शोधून ऐका. गायन बहुतांश तेच आहे, पण खालची जमीन सगळी उकरून नवी घातली आहे आणि मध्ये जॅझी पी या रॅपरचं कडवंही आलं आहे. यालाच रिमिक्स म्हणतात. लोकांच्या लक्षात राहिलं ते हे दुसरं रूप. डान्स-पॉपमध्ये अल्बममधलं गाणं म्हणजे शेवटचा शब्द नसतो, हे इथे लक्षात येतं. रेडिओसाठी साडेतीन मिनिटांचं, क्लबसाठी बारा इंची तबकडीवर सहा-सात मिनिटांचं, असं एकाच गायनावर वेगवेगळं घर बांधतात. लांब रूपाच्या सुरुवातीला बराच वेळ नुसता ठेका असतो, तो पाल्हाळ म्हणून पुढे ढकलू नका. आधीच्या तबकडीवरून या तबकडीवर सांधा जुळवायला डीजेला तेवढी जागा लागते.

ॲपवर शोधताना नावापुढे 'एक्स्टेंडेड मिक्स' किंवा 'ट्वेल्व्ह इंच' लिहिलं असेल तर ते लांब रूप, 'सेव्हन इंच' किंवा 'एडिट' असेल तर आखूड.

पायरी ५ : आडवाट, जी मला सगळ्यांत प्रिय आहे

१९९२ पर्यंत त्या तिघांची साथ सुटली. १९९३ मध्ये ती 'डीकन्स्ट्रक्शन' नावाच्या, क्लब-संगीत काढणाऱ्या छोट्या कंपनीत गेली. १९९४ मध्ये आलं 'कन्फाइड इन मी'. अंधार करून ऐका. जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं, सुरुवातीला व्हायोलिनचा एकटा आवाज, मग तंतुवाद्यांची लाट, ठेका संथ आणि जड, चालीला थेट पूर्वेकडचा वास. आपल्या कानाला ही चाल परकी वाटत नाही. कायली पहिल्यांदा खालच्या पट्टीत, कुजबुजल्यासारखी गाते आणि ध्रुवपदाशी आवाज वर सोडते. गाणं 'ब्रदर्स इन रिदम' या जोडीने घडवलं. त्यातल्या स्टीव्ह अँडरसनचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९५ मध्ये ऑस्ट्रेलियन गायक निक केव्हबरोबरचं 'व्हेअर द वाइल्ड रोझेस ग्रो'. नदीकाठी एका मुलीचा खून होतो, त्याची कथा खुनी आणि मुलगी आळीपाळीने सांगतात. नाचाचा मागमूस नाही. निकच्या खर्जापुढे कायलीचा बारीक आवाज ठेवला की काय होतं ते ऐका. पुढच्या वर्षी निकच्याच सांगण्यावरून ती लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कवितांच्या कार्यक्रमात उभी राहिली आणि 'आय शुड बी सो लकी'चे शब्द संगीताशिवाय, कविता वाचावी तसे वाचून दाखवले. ज्या गाण्यावरून लोकांनी तिची टर उडवली ते असं चारचौघांत हातात धरायला धैर्य लागतं. मला त्या प्रसंगाचं फार अप्रूप आहे.

मग 'इम्पॉसिबल प्रिन्सेस'. यातलं सगळं लेखन तिचं स्वतःचं किंवा तिच्या सहभागाचं. गिटार, ट्रिप-हॉपचा संथ, धूसर ठेका, टेक्नोचं यांत्रिक क्लब-संगीत, सगळं आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा समीक्षकांनी झोडपलं आणि खपही बेताचा झाला. आज तोच अल्बम तिचे चाहते जिवापाड जपतात. 'ब्रीद' आणि 'डिड इट अगेन' यांपासून सुरुवात करा.

नावांचा घोळ आहे तो इथे. १९९४ च्या अल्बमचं नाव नुसतंच 'कायली मिनोग'. 'इम्पॉसिबल प्रिन्सेस' यायच्या सुमारास, ऑगस्ट १९९७ मध्ये, राजकन्या डायना गेली. त्या नावाने युरोपात अल्बम काढणं बरं दिसलं नसतं, म्हणून मार्च १९९८ मध्ये तिथे तोही 'कायली मिनोग' याच नावाने निघाला. जुनी सीडी विकत घेत असाल तर मागची गाण्यांची यादी वाचूनच पैसे द्या. पहिलं गाणं 'कन्फाइड इन मी' असेल तर १९९४ चा.

पायरी ६ : २००० ते २००३, इथे मुक्काम करा

नव्या कंपनीत, पार्लोफोनमध्ये, आल्यावर पहिलं गाणं 'स्पिनिंग अराउंड'. ते लिहिणाऱ्यांमध्ये अमेरिकन गायिका पॉला अब्दुल आहे आणि ते मुळात तिच्यासाठीच होतं. ते कायलीकडे आलं आणि दहा वर्षांनी ती ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेली. व्हिडिओतली सोनेरी आखूड पँट गाण्याइतकीच गाजली. मेलबर्नला कुणी नातेवाईक असतील आणि जाणं झालं, तर तिथल्या आर्ट्स सेंटरकडे चौकशी करा. कायलीने आपले पोशाख त्यांच्या संग्रहाला दिले आहेत, त्यात ती पँटही आहे.

२००१ चा 'फीव्हर' अल्बम एका बैठकीत, क्रम न बदलता ऐका. मी तो कॅसेटवर ऐकला आहे. वॉकमनमध्ये बाजू बदलावी लागायची आणि तेवढी अर्धी मिनिटं सोडली तर ठेका जवळपास तुटायचाच नाही. एकही संथ गाणं नाही. त्यातल्या 'लव्ह ॲट फर्स्ट साइट'मध्ये मध्येच आवाज पाण्याखाली गेल्यासारखा दबतो आणि मग सगळं एकदम मोकळं होतं. ढोल-ताशा पथकात सगळे हात क्षणभर थांबतात आणि मग एकसाथ टिपरू पडतं, तेव्हा पोटात जे होतं तेच इथे होतं.

यातलंच 'कम इन्टू माय वर्ल्ड' आधी ऐका आणि मग त्याचा व्हिडिओ बघा. मिशेल गोंड्री या फ्रेंच दिग्दर्शकाने केलेला. कायली एका चौकातून गोल चक्कर मारते. पहिली चक्कर पुरी होते तिथे दुसरी कायली येऊन मिळते आणि दोघी पुढे निघतात. मग तिसरी, मग चौथी. नुसती तीच नाही, रस्त्यावरची सगळी माणसं दर फेरीला वाढत जातात. रेकॉर्डिंगमध्ये आवाजाचे थर कसे चढतात हे मी भाचीला शब्दांत सांगून थकले होते, हा व्हिडिओ दाखवल्यावर ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे गाण्यात पण चार-चार जणी आहेत." अगदी तसंच. व्हिडिओ संपला की डोळे मिटून गाणं परत लावा आणि ध्रुवपदात किती जणी आहेत ते मोजायचा प्रयत्न करा. या गाण्याला २००४ मध्ये ग्रॅमी मिळालं, कायलीचं पहिलं.

आणि २००३ चं 'स्लो'. हे मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण कान थोडा तयार झाल्याशिवाय ते कळत नाही. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, अजून गाणं सुरूच झालेलं नाही. खाली इलेक्ट्रॉनिक बुडबुडे, एक कोरडा ठोका आणि वर जवळजवळ बोलण्यासारखा आवाज. वाद्यमेळ म्हणावा असा काही नाहीच. आवाज इतका जवळ घेतला आहे की ओळ सुरू व्हायच्या आधीचा श्वास ऐकू येतो, आणि तो श्वासही ठेक्यात पडतो. लिहिणाऱ्यांमध्ये ती स्वतः आहे, आइसलँडची गायिका एमिलियाना टोरिनी आणि डॅन कॅरी आहेत. पायरी एकमध्ये मोकळ्या जागेबद्दल बोलले होते ना, ती या गाण्यात मोजून बघता येते. ब्रिटनमध्ये हेही पहिलं आलं. इतकं रिकामं गाणं पहिलं येतं यावर मी अजून खूश आहे.

मधली वर्षं : जरा भरभर

१७ मे २००५ ला तिला स्तनांचा कर्करोग झाल्याचं जाहीर झालं. दौरा अर्ध्यात थांबला. त्यानंतर ऑस्ट्रेलियात तपासणीसाठी नाव नोंदवणाऱ्या बायकांची संख्या एकदम वाढली, डॉक्टर लोक त्याला 'कायली इफेक्ट' म्हणू लागले. नोव्हेंबर २००६ मध्ये ती सिडनीत परत मंचावर उभी राहिली. पुढच्या वर्षीचा 'एक्स' अल्बम मला विस्कळीत वाटतो. त्यातलं 'द वन' तेवढं ऐका.

२००९ मधली गोष्ट आपल्या घरची आहे. 'ब्लू' या हिंदी चित्रपटात ए. आर. रहमानने तिच्याकडून 'चिगी विगी' गाऊन घेतलं, आणि ती अक्षय कुमारबरोबर पडद्यावर नाचलीसुद्धा. अर्ध्या गाण्यापर्यंत तिचं इंग्रजी पॉप चालतं, मग एकदम भांगडा उसळतो आणि सोनू निगम येतो. तिच्या उत्तम गाण्यांत मी ते धरणार नाही. पण दोन ठेके एकमेकांना भेटतात तो सांधा ऐकण्यासारखा आहे. सरळ चार ठोक्यांवरून हिंदोळ्यावर उडी पडते, आणि आपलं शरीर ते बदल डोक्याच्या आधी ओळखतं.

२०१० चा 'अफ्रोडायटी' मात्र घाईत उरकू नका. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली गाणी स्टुअर्ट प्राइस या एका माणसाच्या हाताखालून काढली, त्यामुळे पूर्ण अल्बमला एकच पोत आला आहे. 'ऑल द लव्हर्स'ने सुरू करा. पहिला अल्बम अव्वल आला त्याला सुमारे बावीस वर्षं झाली होती, आणि हाही अव्वल आला.

पायरी ७ : ठेका काढून घ्या

'द ॲबी रोड सेशन्स', २०१२. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत वाद्यवृंद बसवून जुनी गाणी नव्याने गायली आहेत. ड्रम मशीन नाही, थरांवर थर नाहीत. यामागे स्टीव्ह अँडरसन आहे, 'कन्फाइड इन मी'वालाच. 'हँड ऑन युअर हार्ट' इथे इतकं हळू आणि हळवं होतं की १९८९ मध्ये नाचता नाचता निसटलेले शब्द पहिल्यांदा कानावर पडतात. जोडी लावून ऐका, आधी जुनं, लगेच नवं.

मी हा अल्बम लावला तेव्हा आई शेजारी भाजी निवडत बसली होती. 'आय शुड बी सो लकी' संपेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "गाते की. गोड गाते." तीच ती टीव्हीवरची, हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि पुढच्या गाण्याला आवाज थोडा वाढवायला सांगितला.

पायरी ८ : आताची कायली

२०१८ चा 'गोल्डन' नॅशव्हिलच्या कंट्री संगीताकडे झुकतो. 'डान्सिंग' हे गाणं ऐकून पुढे गेलात तरी चालेल. २०२० चा 'डिस्को' मात्र वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा आहे. टाळेबंदीत स्टुडिओ बंद होते. कायली रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर स्वतः शिकली आणि बहुतेक गाण्यांचं गायन घरीच, स्वतः यंत्रं लावून तिने रेकॉर्ड केलं. अल्बमच्या श्रेयनामावलीत गायनाची इंजिनिअर म्हणून तिचं नाव आहे. विमानाला उशीर होतोय म्हणून तासाभरात गाऊन निघालेली एकोणीस वर्षांची मुलगी आठवा, आणि बावन्नाव्या वर्षी हेडफोन लावून स्वतःचेच टेक निवडणारी ही बाई बघा. 'मॅजिक' ऐकताना मला तेच दिसत राहतं. या अल्बममुळे सलग पाच दशकांत ब्रिटनमध्ये अव्वल अल्बम देणारी ती पहिली स्त्री ठरली.

आणि मग २०२३ चं 'पदम पदम'. इना व्रोल्डसेन आणि पीटर रायक्रॉफ्ट यांनी लिहिलेलं, तीन मिनिटांहूनही लहान. शब्द काळजाच्या ठोक्याचा आहे. आपल्या कानाला त्यात 'पद' ऐकू येतं आणि पाऊल आपोआप उचललं जातं, हा मराठी कानाचा फायदा समजा. आवाज परत तसाच थंड, खालच्या पट्टीत, २००१ सारखा. पण नीट ऐकलंत तर आता त्या थंडपणामागे हसू आहे. या गाण्यालाही ग्रॅमी मिळालं, २०२४ मध्ये, पहिल्या ग्रॅमीनंतर वीस वर्षांनी. ज्या 'टेन्शन' अल्बममध्ये ते आहे तो आणि २०२४ चा 'टेन्शन टू' दोन्ही ब्रिटनमध्ये पहिले आले. दोन्हींत निवड करायची असेल तर पहिला घ्या.

एवढा वेळ नसेल आणि एकच संग्रह हवा असेल, तर २०१९ चा 'स्टेप बॅक इन टाइम' लावा. त्यात १९८७ पासून २०१९ पर्यंतची मुख्य गाणी आहेत. पण तो काळाच्या क्रमाने लावलेला नाही, म्हणून हा कागद शेजारी ठेवा आणि गाणी या क्रमाने उचला. 'इम्पॉसिबल प्रिन्सेस' संग्रहातून नीट कळत नाही, तो वेगळा ऐकावा लागतो.

भाची सध्या पायरी पाचवर अडकली आहे. परवा रात्री अकराला तिचा मेसेज आला, "मावशी, कन्फाइड इन मी सातव्यांदा. व्हायोलिन वाजवणारं कोण आहे?" तिला सांगितलं, अजून एकदा ऐक, पण या खेपेला व्हायोलिन सोड आणि कायली श्वास कुठे घेते तेवढंच बघ.